समोरचा खेळाडू

"काका, मुख्य लाइन बिघडलीय. तुमची प्रत्येक चाल समुद्रापलीकडून फिरून जातेय, म्हणून बुद्धिबळाचा डाव मध्येच तुटतो," इंटरनेट कंपनीतल्या इंजिनिअरने फोनवर समजावलं. "समोरचा खेळाडू राहतो कुठे?"

"मागच्या गल्लीत. धाकटा भाऊ आहे माझा."

ती हसली. "मग पट घेऊन सरळ त्याच्या घरीच जा की!"

"अकरा वर्षांचा अबोला आहे, बाळ. मी टोपणनावाने खेळतो. कळलं, तर तो खेळायचाही थांबेल."

दुपारी मागच्या गल्लीतून फोन आला. खेळ तोच, तक्रारही तीच.

"उद्यापर्यंत होईल सुरळीत," ती म्हणाली.

"आजच बघा ना, ताई. नाहीतर दादाला वाटेल, मी त्याला ओळखलं म्हणून डाव सोडला."