ओपल गांडूळ लावते

"ते गांडूळ माझ्या डोळ्यांपुढून हलव," ओपल म्हणाली.

डेल्बर्टनं हात मागे घेतला. त्याच्या बोटांत जांभळं, वीतभर लांब, लिबलिबीत प्लॅस्टिकचं गांडूळ लोंबत होतं. एकेचाळीस वर्षं तो बास मासा असल्याच गांडुळांवर धरत आला होता, आणि एकेचाळीस वर्षं त्याची बायको त्यावरून त्याला हसत आली होती. ओपलचा विश्वास जिगवर. शिशाचं डोकं, त्यातून निघालेला गळ, भोवती रबरी झालर. बुडलेल्या ओंडक्यांमधून ती जिग हळूहळू उचलत न्यायची. माशानं तोंड लावलं की बोटाला बारीकसं टक् कळतं. त्याच क्षणी झटका द्यायचा. जरा उशीर झाला की माशाला शिसं टणक लागतं आणि तो ते थुंकून मोकळा होतो. गांडूळ मऊ असतं, मासा ते तोंडात धरून बसतो. "झोपाळू माणसांची सोय," असं ओपल चारचौघांत सांगायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत तिनं तीनदा सगळ्या पुरुषांना मागे टाकलं होतं, त्यामुळे तिला उलट कुणी बोलत नसे.

गेल्या ऑगस्टमध्ये तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालणं परत आलं, बोलणं आलं, हातही हलायला लागला. पण त्या हाताला काही कळत नव्हतं. नाताळात तापलेल्या तव्याला बोटं टेकली, ते तिला वासावरून समजलं. डॉक्टर म्हणाले, संवेदना येईलही, नाहीही. डेल्बर्ट रोज न्याहारीनंतर खरखरीत टॉवेलनं तिचा तळवा चोळायचा आणि विचारायचा, "काही लागतंय?" ती म्हणायची, "नाही." मग तो बश्या विसळायला उठायचा.

आता मार्च संपत आला होता. केंटकीतल्या टेकड्या गुलाबी फुलांनी भरल्या होत्या आणि बास उथळ पाण्यात काठाला आले होते. आजारपणानंतर ओपल पहिल्यांदाच होडीत बसली होती.

"डाव्या हातात गळाची काठी धरून बघ ना," डेल्बर्ट म्हणाला.

"डाव्याला काय कळतंय त्यातलं? माझी गळांची पेटी दे इकडे."

तिनं दातांनी दोरी ओढून जिगची गाठ मारली. त्याला दहा मिनिटं लागली. डेल्बर्ट दुसरीकडे बघत सॉसेज घातलेला बिस्किट-पाव खात राहिला. मग तिनं काठी उजव्या हातात धरली आणि पाण्यात पडलेल्या सिकॅमोरच्या झाडाच्या फांद्यांशेजारी जिग टाकली. नेम तसाच होता, तसूभरही चुकला नाही.

थोड्या वेळानं पाण्यातली दोरी हलकेच थरथरली.

"ओढ," डेल्बर्ट म्हणाला.

तिनं ओढलं. जिग रिकामी वर आली. दुसऱ्यांदा तसंच झालं. तो बोलणार, ती ऐकणार, मग हात उचलणार, तेवढ्यात मासा गेलेला असायचा. तिसऱ्यांदा दोरी थरथरली तेव्हा डेल्बर्ट काहीच बोलला नाही. दोरी पुन्हा सैल पडली. ओपलनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"लागला होता ना?"

"हो."

"आणि तू गप्प बसलास."

"तिसऱ्यांदा तेच सांगायला माझी जीभ रेटेना, ओपल."

एक कासव ओंडक्यावर चढून उन्हाला बसलं. मग ओपलनं जिगची दोरी तोडली आणि डावा तळहात पुढे केला.

"दे ते तुझं गांडूळ. आणि चर्चमध्ये कुणाला सांगितलंस तर घरी येऊ नकोस."

डेल्बर्टनं हसू आवरून गांडुळात गळ लपवून दिला. तिनं काठी उजव्याच हातात धरून ते फांद्यांशेजारी सोडलं. गांडूळ सावकाश तळाला गेलं. तिनं काठीचं टोक इंचभर उचललं, थांबली, पुन्हा उचललं. ऊन पाठीवर छान लागत होतं. डेल्बर्टला वाटलं, एकही मासा मिळाला नाही तरी आजचा दिवस वाया गेलेला नाही.

एवढ्यात दोरी ताणली गेली. थरथर नव्हती. ती आडवी सरकत फांद्यांकडे निघाली. चांगला मोठा मासा गांडूळ तोंडात धरून निवांत चालला होता.

"ओढ," तो म्हणाला.

ओपल हलली नाही.

"ओपल, तो फांद्यांत शिरेल. ओढ आता."

तिनं डोळे मिटून घेतले होते. काठीचं टोक वाकत होतं, सुटत होतं, पुन्हा वाकत होतं. डेल्बर्टनं मनात दहापर्यंत आकडे मोजले. मग दोरी सैल झाली आणि वाऱ्यावर डुलायला लागली. मासा गेला होता.

मऊ गांडूळही कामाला आलं नव्हतं. डेल्बर्टनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"असू दे," तो म्हणाला. "पहिलाच दिवस आहे. तुला कळलंच नाही, त्याला तू तरी काय करणार?"

ओपलनं डोळे उघडले. ते भरले होते, आणि ती हसत होती.

"कळत होतं," ती म्हणाली. "पार बोटाच्या टोकापर्यंत. ओढलं असतं तर ते थांबलं असतं रे."