बचावातली चप्पल

फुटबॉलचे डावपेच शिकवताना आरिफ सर मुलींच्या चपला मैदानावर मांडायचे, प्रत्येकीची एक. "ही चढाईला गेली की हिनं तिची जागा धरायची. मागं मोकळं सोडायचं न्हाय." बचावातली शेवटची चप्पल मात्र ते स्वतःच्या पिशवीतून काढायचे.

"सर, ही कुणाची?" नव्यानं आलेल्या साक्षीनं विचारलं.

"नजीराची. दुसरी गावली न्हाय."

इतक्यात बॉल भिंतीवरून पलीकडच्या ट्रकांच्या रस्त्यावर गेला. "मी आणते की, सर!" म्हणत साक्षी अनवाणीच पळाली.

"थांब!" सर एवढ्या जोरात ओरडले, की सगळ्याच जागच्या जागी थबकल्या. बॉल ते स्वतःच घेऊन आले आणि खाली बसून ती चप्पल उगाच सरळ करत राहिले.

"नजीरा बी अशीच बॉल आणाया निघालती. 'रस्ता तापलाय, चपला घालून जा,' एवढंच म्हटलं मी."