चंद्रावरचा ढेकूण

"सर, हा तर ढेकूण!" इंद्रायणी ओरडली. वसतिगृहातल्या मुलीला ढेकूण ओळखायला पुस्तक लागत नाही. वर्ग फिदीफिदी हसला.

चंद्रावरचा तळ अपघातानंतर चार वर्षं ओस पडला होता, पण तिथला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक शाळेत बसून चालवता येई. तळावर झाडलोट करणाऱ्या यंत्राने गोळा केलेल्या धुळीत आज हा किडा निघाला होता.

"माणसं होती तेव्हाचा असणार. खडखडीत वाळला असेल," दहातोंडे सर म्हणाले. "चीर बघू पोट."

इंद्रायणीने इथूनच सूक्ष्मदर्शकाची बारीक सुरी चालवून पोट उघडलं. पडद्यावर बशांसारख्या गोल पेशींचा खच दिसला.

"सर, रक्त! अजून पचलेलंसुद्धा नाही. काल-परवाच प्यायलाय हा. पण तिथे माणूसच नाही, तर कुणाचं?"

सगळ्यांच्या नजरा भिंतीकडे वळल्या. याच शाळेत शिकलेल्या, अपघातात बेपत्ता झालेल्या आणि मग मृत ठरवलेल्या मेधा खांबेटे फोटोत हसत होत्या.

सर खुर्चीवर चढले आणि त्यांनी फोटोवरचा हार काढला.