राखून ठेवलेलं बेट

ट्रॉली भरून ऊसतोडीची टोळी बांधाकडं सरकली, तेव्हा सर्जेरावांच्या सगळ्या रानात उसाचं एकच बेट उभं राहिलं. आठ-दहा ऊस. त्यांच्या मधोमध, गवताच्या काड्या आणि कोळ्याची जाळी गुंफून केलेलं मुठीएवढं घरटं. घरट्यात वटवट्याची पिल्लं होती.

हे बेट राखावं म्हणून गौतमी सकाळीच तिच्या आजोबांना, म्हाळूआबांना, हाताला धरून रानात घेऊन आली होती. सर्जेरावांनी लगेच होकार दिला.

"आबा, तुमच्या नातीनं माझ्या रानात पाखराला प्लॉट काढून दिला," ते हसत म्हणाले. "एनए तेवढं करून घ्या म्हणावं."

टोळीतल्या मुक्ताबाईनं घरट्याच्या चारी अंगांनी इतक्या हलक्या हातानं कोयता चालवला, की बेटातलं एक पान हललं नाही. गौतमीनं तिला आपल्या डब्यातली चपाती दिली. सगळं मनासारखं झालं होतं.

आता ऊन चढलं होतं आणि पिल्लांचे आईबाप, दोन्ही वटवटे, बांधावरच्या घाणेरीच्या झुडपात अडकून होते. अंगठ्याएवढं अंग, राखी पाठ, उभी शेपटी. एकाच्या चोचीत हिरवी अळी होती. ते पाखरू झुडपाच्या शेंड्यावर यायचं, बेटाकडं बघायचं आणि पुन्हा आत शिरायचं. बेटातून पिल्लांची बारीक चिवचिव येत होती.

"आबा, ते जात का न्हाई? तिथंच तर हाय घर."

आबांनी तिला शेजारी बसवलं आणि सावकाश समजावून सांगितलं. घार आभाळातलं पाखरू. बगळा पाण्याकाठचा. हे पानाआडचं. उसात, गवतात, झुडपात राहायचं, तिथलेच किडे-अळ्या खायच्या, या पानावरून त्या पानावर उडी मारत जायचं. उघड्यावर त्याला वरून शिक्रा बघतो, म्हणून ते उघड्यावर येत नाही. काल बांधापासून घरट्यापर्यंत ऊस होता. आज जमिनीवर नुसतं पाचट, उसाचा वाळका पाला, आहे.

बोलता बोलता आबांची नजर बांधापासून बेटापर्यंत गेली. त्यांनी सर्जेरावांकडं बेट मागितलं होतं. बेटापासून बांधापर्यंतची उसाची एक सरी मागायचं त्यांना सुचलं नव्हतं. मागितली असती तर तीही मिळाली असती.

मुक्ताबाई पाणी प्यायला आली तेव्हा तिच्याही ते लक्षात आलं. घरटंच उचलून घाणेरीत बांधू, असं ती म्हणाली. पण घरटं चार उसांच्या पानांना ओवलेलं होतं. तिनं एक ऊस जरासा वाकवला, तशी एका बाजूची वीण ताणली आणि घरट्याचं तोंड फाकलं. तिनं ऊस अलगद सोडला आणि हात मागं घेतला.

मग तिनं बैलांसाठी ठेवलेल्या वाढ्यातला एक भारा आणून गौतमीपुढं टाकला. उसाचे ते हिरवे शेंडे गौतमीनं आणि आबांनी बांधापासून बेटापर्यंत ओळीनं रोवले. दोघं लांब जाऊन बसली. पाखरू पहिल्या शेंड्यावर आलं. दुसऱ्यावर आलं. तेवढ्यात एक कावळा थेट बेटाशेजारी उतरला आणि मान तिरकी करून आत बघू लागला. गौतमी ओरडत धावली. कावळा उडाला आणि पाखरूही परतलं.

त्यानंतर तेच होत राहिलं. दोघं बेटाजवळ थांबली की कावळा यायचा नाही, पण पाखरूही यायचं नाही. लांब गेली की कावळा आणि पाखरू दोन्ही यायला बघायचे, आणि कावळ्याला उघड्या पाचटाची भीती नव्हती. दुपारी वारा सुटला. रोवलेले शेंडे उन्हानं मऊ पडले, एकेक करून आडवे झाले.

सर्जेराव मोटारसायकलवरून येऊन बघून गेले. पाचट उद्याऐवजी चार दिवसांनी पेटवतो, म्हणाले. आणखी काय करू, असं त्यांनी मनापासून विचारलं.

दौंडकडं जाणारी डेमू रेल्वे रानापलीकडून गेली. घाणेरीच्या शेंड्यावर बसलेल्या पाखरानं चोचीतली अळी कितीतरी वेळ धरून ठेवली होती. गौतमी बघत असतानाच त्यानं ती स्वतःच गिळली.

पिल्लांचा आवाज आता ऐकायला कान लावावा लागत होता.

गौतमी उठली. पडलेल्या शेंड्यांतले बरे दोन तिनं उचलले, दोन्ही हातांत उभे धरले आणि बांध आणि बेट यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पाय जुळवून, डोळे मिटून.

"काय करतीस गं?"

"ऊस झाले मी. तुमी बी व्हा. लई लांब हाय, एकटीनं पुरत न्हाई."

जिथं माणूस उभा असतो तिथं हे पाखरू येत नाही, हे आबांना ठाऊक होतं. आजवर तिनं विचारलेलं त्यांनी तिला सगळं सांगितलं होतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, दोन शेंडे घेतले आणि तिच्यापुढं चार पावलांवर जाऊन उभे राहिले.

वारा आला. त्यांच्या हातातली पानं सळसळली.

"आबा," मागून ती हळूच म्हणाली, "हात हलवू नका."