मधल्या सुट्टीतली बातमी

"अगं, आमच्या कस्तुरीचं लग्न ठरलंय!" मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता मी ठोकून दिलं.

खरं तर लग्न तिच्या आतेभावाचं होतं. घरी आलेल्या कासारणीने तिलाही हिरव्या बांगड्या भरल्या, एवढंच. पण अख्खी दहावी ब माझ्याभोवती जमली! गेल्या वर्षी हजेरी द्यायलाही घाबरणारी मी, आणि आता सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतायत. मग नवरा मिलिटरीत आहे, हेही मीच जोडलं. कस्तुरीसुद्धा हसली. "गप गं, भवाने!"

शाळा सुटेपर्यंत नवऱ्याला गाव मिळालं, आठवड्याभरात तारीख. दूध डेअरीवर लोक तिच्या वडिलांना विचारू लागले, "आबा, पोरीचं जमवलंत आणि आम्हाला पत्ता नाही?" आबा नाही म्हणाले, तर "मोडलं वाटतं" अशी कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात एक खरं स्थळ आलं, आणि गावाची तोंडं बंद करायला आबांनी होकार दिला.

कस्तुरी शाळेत आली नाही, म्हणून मी धावत तिच्या घरी गेले. ओसरीवर तीच कासारीण तिच्या हातात चुडा चढवत होती. मला रडूच कोसळलं.

"रडतेस काय?" मोकळ्या हाताने मला जवळ ओढत कस्तुरी हळूच म्हणाली. "तू केवढं मस्त बोलतेस! आबांना सांग ना, मला दहावी तरी करू द्या."

आबा समोर खुर्चीतच बसले होते. मी तोंड उघडलं, पण हजेरी देण्याएवढासुद्धा आवाज फुटला नाही.