खाली ठेवलेला चहा

"आत गेल्यावर तू तोंड उघडायचं नाहीस," पायऱ्या चढता चढता उवैदनी मुलाला बजावलं. "गुन्हा ज्याच्या हातून घडला, त्याने मान खाली घालून बसायचं. बोलणं मोठ्यांचं."

"पण बाबा, या घरच्या माणसाला अरबी येत नाही आणि तुम्हाला तुर्की येत नाही."

"शहाणपणा नको. रीत सगळीकडे एकच असते."

नवाफ त्यांच्या मागोमाग चढत राहिला. मआनच्या अरबी वाळवंटातून निघताना बेत साधा होता. काळ्या समुद्राच्या काठाकाठाने गाडी हाकायची, पाऊस बघायचा, मासे खायचे. परवा एका वळणावर एक म्हातारी पाठीवर चहाच्या पाल्याची टोपली घेऊन रस्ता ओलांडत होती, आणि गाडी चालवणारा नवाफ समुद्राकडे बघत होता. आता ती खुब्याचं हाड मोडून इस्पितळात पडली होती आणि नवाफचा पासपोर्ट पोलिसांकडे होता. तिचा मुलगा रासिम आज दुपारी चौकीत जबाब द्यायला जाणार होता. तो काय सांगतो त्यावर नवाफ घरी जाणार की कोठडीत, हे ठरायचं होतं.

दार रासिमनेच उघडलं. हसला नाही, पण दारातून परतवूनही लावलं नाही. "या," एवढंच म्हणाला. त्याची बायको गुलसुम चहा घेऊन आली.

उवैदनी ग्लास घेतला, समोरच्या बुटक्या टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले. त्यांच्या टोळीत पाहुण्याने पहिली कॉफी न पिता खाली ठेवली की यजमानाने काय ते ओळखायचं. पाहुणा मागायला आलाय. मग यजमान म्हणतो, "घ्या कॉफी, तुमचं काम झालं समजा." तोवर पाहुणा मेला तरी घोट घेत नाही. अशा एका पेल्यावर खुनाची वैरं मिटलेली नवाफने लहानपणी पाहिली होती.

पण हे रासिमला कोण सांगणार? खोलीत दोन्हीकडचं जाणणारा एकटा नवाफ होता. त्याची इस्तंबूलच्या कॉलेजात दोन वर्षं गेली होती, आणि त्यालाच तोंड उघडायची बंदी होती.

चहावरची वाफ गेली. गुलसुमने न बोलता ग्लास उचलला, नवा भरून आणला. उवैदनी तोही टेबलावरच राहू दिला. तिसऱ्या वेळी ती उठली तेव्हा रासिमने तिला अडवलं.

"राहू दे गं. यांना आपल्या घरचा चहा चालत नाही. आईला रस्त्यात लोळवलेलं चालतं."

नवाफने चटकन वडिलांकडे पाहिलं. ते समोर बघत होते, खडकासारखे शांत. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं.

रासिमने घड्याळ पाहिलं. उठला आणि खुंटीवरचं जाकीट काढलं.

"बघ, उठला," उवैद हलकेच पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत आशा आली होती. "मोठ्या मनाचा माणूस आहे. आता विचारेल."

रासिम चौकीत निघालाय, हे नवाफला दिसत होतं. जन्मात कधी वडिलांचा शब्द मोडला नव्हता. आता मोडला नाही तर सगळंच संपणार होतं.

"रासिमदादा, थांबा!" तो तुर्कीत ओरडलाच.

"नवाफ!" वडील गरजले.

"चहा आवडला नाही असं नाही हो. आमच्यात मागणं असलं की असा खाली ठेवतात. तुम्ही विचारेपर्यंत बाबा पिणार नाहीत. उद्यापर्यंत बसतील, पण पिणार नाहीत."

रासिमचा एक हात जाकिटाच्या बाहीत होता. तो तसाच उभा राहिला. "मागणं कसलं?"

"माफी."

"माझ्याकडे?" रासिमचा आवाज चढला. "माझं काय मोडलंय? ती तिथे परवापासून पडून आहे. तुमच्यातलं कोणी गेलं तिच्या खाटेपाशी? एकाने तरी?"

नवाफने सगळं वडिलांना सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही.

"बायकांच्या वॉर्डात?" उवैद थक्क झाले. "परक्या बाईपाशी? तिच्या मुलाला न विचारता? आपल्याकडे अशाने दुसरं वैर उभं राहतं!" मग घाईघाईने म्हणाले, "हे नको सांगूस त्याला."

मग त्यांनी ग्लास उचलला. कोणी काही कबूल केलं नव्हतं, काम झालं असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी तो थंडगार चहा तळापर्यंत पिऊन टाकला. नवाफला बघवेना. वडिलांना असं हरताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"विचार त्याला," उवैद म्हणाले, "तिचं नाव काय."

नवाफ चपापला. त्यांच्यात पुरुष पुरुषाला त्याच्या आईचं नाव विचारत नाही. खुद्द आपल्या बायकोचं नाव वडिलांनी आजवर चारचौघांत घेतलं नव्हतं.

"विचार म्हणतो ना!"

त्याने विचारलं. रासिमने म्हाताऱ्याकडे निरखून पाहिलं आणि जाकिटाची दुसरी बाही चढवली.

"हनीफे," तो म्हणाला. "चला, दाखवतो. पण कानांनी अधू आहे ती. माफी मागायची तर जोरात मागायला सांग."