शेवटचं गिऱ्हाईक

"दार उघडू नकोस," खुर्चीतून बाबा म्हणाले. "बघितल्यानं मांस शिजत नाही."

थोरलीनं ओव्हनच्या दारावरचा हात काढून घेतला. डुकराच्या खांद्याचा हाडासकट भलामोठा तुकडा पहाटेपासून आत होता. मीठ, मिरपूड आणि किंचित साखर चोळून तिनं तो मंद आचेवर सारला होता, आणि आता उन्हं भिंतीवरून उतरायला लागली तरी तो काही नमतं घेत नव्हता. आठवड्यातला तिचा एकुलता एक सुट्टीचा दिवस. हॉटेलच्या लाँड्रीत ओल्या चादरी उपसून तिचे खांदे असे भरून आले होते, की डुकराच्याऐवजी आपलाच खांदा आत ठेवला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

"आच वाढवू का जरा?"

"वाढव की. मग चपलेला तळ म्हणून लावू."

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचे शब्द तिरपे येत, पण त्यातली खोच शाबूत होती. जन्मभर खाटकाचा धंदा केलेला माणूस. आता उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.

खोच राहिली आणि भूक गेली. आठवडाभरात त्यांनी धड काही खाल्लं नव्हतं. थोरलीनं कुस्करून, कालवून, गाळून सगळं करून पाहिलं. चमचा जवळ आला की ओठ मिटायचे. काल डॉक्टरीणबाई येऊन त्यांच्या देखतच सांगून गेल्या, सोमवारपर्यंत पोटात अन्न गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. "घाला," एवढंच म्हणून बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. धाकटी फोनवर रडली. "त्यांच्या आवडीचं काहीतरी कर ना गं ताई," म्हणाली. सांगणाऱ्याचं काय जातं! पण थोरलीला दुसरं काही सुचत नव्हतं, तेव्हा तिनं तेच केलं.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. बसली असती तर उठली नसती. चरबी वितळल्याचा वास घरभर भरला होता, आणि त्या वासाबरोबर तिला दुकान आठवलं. बाबांचा नेम होता, शेवटचं गिऱ्हाईक गेल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. आईनं दिलेला डबा पार गार होऊन जायचा. आधी तळव्यावर तोलायचं, मग तराजूत टाकायचं, वजन झालं की वर एक लहानसा तुकडा फुकटचा ठेवायचा आणि रांगेकडे बघून हाक द्यायची, "पुढचं कोण?"

संध्याकाळी तिनं ट्रे बाहेर काढला आणि जरा निवू दिला.

"हाड ओढून बघ," बाबा म्हणाले.

तिनं दोन बोटांनी धरलं. हाड अलगद निघून आलं, धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ. बाबांनी मान डोलावली. थोरलीच्या जिवात जीव आला. तिनं घाईघाईनं त्यांच्या गळ्याभोवती रुमाल बांधला, थोडं मांस बारीक करून चमच्यात घेतलं, फुंकर मारली आणि चमचा पुढे केला.

ओठ मिटले.

"बाबा, एकच घास."

त्यांनी डोळेही मिटले.

तिला रडावंसं वाटलं, पण रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं. तिनं चमचा टाकला, सगळा ट्रे त्यांच्यापुढे सरकवला आणि समोरच्या खुर्चीत धपकन बसली.

"नका खाऊ तुम्ही. पण मला तरी वाढा. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही, आणि आता माझ्यानं हात उचलवत नाहीये."

ही काही युक्ती नव्हती. खरंच तिचा हात उठत नव्हता.

बाबांनी डोळे उघडले. बऱ्याच दिवसांत त्यांनी लेकीकडे नीट पाहिलं नव्हतं, आता पाहिलं. मग डाव्या हातानं गळ्यातला रुमाल ओढून काढला आणि खांद्यावर टाकला. जेवायचा काटा उचलला, तो बोटांतून निसटला. त्यांनी तो बाजूला सारला आणि थेट हातच घातला. मांस नुसत्या बोटांनी सुटं होत गेलं. सुरी लागली नाही, जोर लागला नाही. मूठभर झाल्यावर त्यांनी तळव्यावर तोलून पाहिलं, चिमूटभर कमी केलं आणि तिच्या ताटात ठेवलं. वर कडेचा एक खरपूस तुकडा.

"खा."

थोरली खात सुटली. हात आपोआप चालायला लागला. कितीतरी दिवसांत तिला कुणी वाढलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण जेवणं सोडून ते कोण पुसत बसणार? तिनं ताट निपटून काढलं.

बाबांनी मान उचलून तिच्या पाठीमागे दारापर्यंत नजर टाकली.

"पुढचं कोण?"

थोरलीनंही वळून बघितलं.

"कुणी नाही, बाबा. मीच शेवटचं गिऱ्हाईक."

मग त्यांनी खांद्यावरच्या रुमालाला हात पुसला आणि दुसरं ताट आपल्याकडे ओढलं. मांस सुटं केलं, तळव्यावर तोललं, ताटात ठेवलं. जरा विचार केला, आणि वर एक लहानसा तुकडा फुकटचा ठेवला.